गिऱ्हाईक कोणाचे?
(इंटरनेट, बाजार आणि आमची वाडी)

— द्वितीय वर्ष, कला

बाजार ही मानवाने निर्माण केलेल्या अतिप्राचीन संस्थांपैकी एक होय. आमच्या निर्मळ गावापासून थोड्याच अंतरावर असलेले सोपारे हे एके काळी शूर्पारक या नावाने पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात सोपाऱ्याचा उल्लेख येतो. हा ग्रंथ काव्य नव्हे आणि इतिहासही नव्हे. कोणत्या बंदरात कोणता माल उतरवावा, कोठे काय खपते, कोठून काय भरून आणावे, याची ती व्यापाऱ्यांसाठी केलेली टिपणवही आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीदेखील जहाज आणि माल यांच्याइतकीच बाजाराची बातमी मोलाची होती, आणि ती ज्याच्यापाशी असे त्याच्याकडे नफा जात असे.

पुढे १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी गाडी धावली आणि वसईच्या वाड्या मुंबईच्या दाराशी जाऊन बसल्या. केळी, विड्याची पाने, भाजी, दूध, फुले हे सारे पहाटेच्या गाडीने मुंबईस जाऊ लागले. रेल्वेने मालाचे अंतर कमी केले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पण ती खऱ्या अर्थाने वाडीपर्यंत पोहोचली २०१६ नंतर, स्वस्त मोबाईल आणि त्याहून स्वस्त डेटा आल्यावर. रेल्वेने जे मालाचे केले ते इंटरनेटने बातमीचे केले, असे सर्वसामान्यतः म्हटले जाते. ते कितपत खरे आहे आणि त्यातून आमच्यासारख्या लहान उत्पादकांच्या व विक्रेत्यांच्या पदरात काय पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते वर्गात. अर्थशास्त्राच्या तासाला आपण पूर्ण स्पर्धेची गृहीते शिकतो. त्यांपैकी एक असे की ग्राहक व विक्रेता या दोघांनाही बाजाराचे संपूर्ण ज्ञान असते. हे वाक्य मी घरी मोठ्याने पाठ करीत असता बाबा हसले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे माझ्या पुस्तकांविषयी घरच्यांना मोठा आदर आहे. तरीही ते हसले. आमच्या वाडीत सोनचाफा आणि थोडा मोगरा आहे. चाफा नगावर जातो, मोगरा वजनावर. गावातील एक काका पाच-सहा घरांच्या पाट्या एकत्र करून पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात नेतात. पूर्वी फुलाला काय भाव आला हे बाबांना कळत असे ते काका दुपारी पट्टी घेऊन परत आल्यावर. म्हणजे माल विकला गेल्यानंतर विक्रेत्याला भाव कळे! पाठ्यपुस्तकातील गृहीत आणि आमच्या ओटीवरची पट्टी यांत एवढे अंतर होते.

अर्थशास्त्रज्ञांना हे ठाऊक नव्हते असे मात्र नाही. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये एक निबंध लिहून असे दाखविले की भावाची माहिती ही फुकट मिळणारी वस्तू नाही. ती शोधण्यासाठी वेळ व पैसा खर्च होतो आणि म्हणूनच एकाच वस्तूचे एकाच दिवशी निरनिराळे भाव असू शकतात. त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा शोधाचा खर्च जवळजवळ शून्यावर आणणे, हे इंटरनेटचे आणि मोबाईलचे बाजारातील पहिले कार्य होय.

याचे सर्वात सुंदर उदाहरण केरळच्या किनाऱ्यावरचे आहे. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी तेथील बडगरा येथे अकरा मच्छीमारांना आपल्या मासळीस गिऱ्हाईकच मिळाले नाही व ती फेकून द्यावी लागली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आतील दुसऱ्या दोन बाजारांत सत्तावीस ग्राहक मासळी न मिळाल्याने रिकाम्या हाताने परत जाण्याच्या बेतात होते. पुढील चार-पाच वर्षांत त्या किनाऱ्यावर मोबाईलचे मनोरे उभे राहिले. मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कोठे भाव आहे ते विचारू लागले आणि होडी तिकडे वळवू लागले. रॉबर्ट जेन्सन या संशोधकाने याचा बारकाईने अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. फेकून देण्याची पाळी जवळपास नाहीशी झाली, निरनिराळ्या बाजारांतील भाव एकमेकांच्या जवळ आले, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासळी सुमारे चार टक्के स्वस्त पडली. विकणारा व घेणारा दोघांचाही फायदा व्हावा, अशी उदाहरणे अर्थशास्त्रात फार थोडी आढळतात.

हे वाचून मला प्रथम वाटले की, झाले, आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. परंतु असाच प्रयोग महाराष्ट्रात झाला आणि त्याचे फळ निराळे निघाले. २००७ मध्ये 'रॉयटर्स मार्केट लाइट' नावाची सेवा आपल्या राज्यात सुरू झाली. वर्गणी भरलेल्या शेतकऱ्याच्या मोबाईलवर बाजारभाव, हवामान व पिकाविषयीचा सल्ला मराठीत येत असे. मार्सेल फाफशां व बार्ट मिंटेन या दोन संशोधकांनी महाराष्ट्रातील शंभर गावांत टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू, सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचा अभ्यास केला. काही गावांतील शेतकऱ्यांना ही सेवा दिली, काहींना दिली नाही. २०१२ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात सरासरीने लक्षणीय असा काहीही फरक पडला नाही.

केरळमध्ये फरक पडला आणि महाराष्ट्रात पडला नाही, हे कसे? या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला आणि उत्तर शेवटी आमच्या वाडीतच सापडले असे मला वाटते. केरळच्या मच्छीमारापाशी होडी होती आणि माल अजून विकावयाचा होता. बातमी कळताच तो सुकाणू फिरवू शकत होता. आमचे तसे नाही. आता सकाळी सात वाजता दादरहून काकांचा व्हॉट्सॲपवर निरोप येतो, 'चाफा आज उतरला.' बाबा तो वाचतात. पण तोपर्यंत कळ्या खुडून, पाटीत भरून, गाडीत चढून दादरला पोहोचलेल्या असतात. चाफ्याची कळी काही कांद्यासारखी चाळीत ठेवता येत नाही. ती आज विकली तर फूल, उद्या खत. शिवाय दादरचा व्यापारी नुसता खरेदीदार नसतो. पावसाळ्यात वाडीत पाणी शिरले की तोच हातउचल देतो, मुलीच्या लग्नाला तोच पैसे देतो, आणि मंदीच्या दिवशीही माल परत पाठवीत नाही. त्याला सोडून कल्याणच्या बाजारात दोन रुपये अधिक मिळतात हे कळूनही शेतकरी हलत नाही, यात त्याचे अज्ञान नसून हिशेब आहे. भाव कळणे आणि भाव मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली इंटरनेट देऊ शकते. दुसरीसाठी पर्याय लागतो, वाहन लागते, थांबण्याची ऐपत लागते.

तथापि बातमीचा काहीच उपयोग नाही असेही म्हणता येणार नाही. व्यापाऱ्याने पट्टीवर लिहिलेला भाव आणि बाजारात चाललेला भाव यांत आता फार तफावत ठेवता येत नाही. गणपती-दसऱ्याच्या सुमारास उद्या किती फूल काढावे, याचा अंदाज आदल्या रात्रीच्या निरोपांवरून बांधता येतो. पूर्वी जी लबाडी सहज पचत असे ती आता पचत नाही, एवढा तरी फरक निश्चित झाला आहे.

याच संदर्भात वारणेच्या प्रयोगाचा उल्लेख केला पाहिजे. कोल्हापूर-सांगली भागातील वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरातील सत्तर गावांत १९९८ मध्ये केंद्र व राज्य सरकारच्या साहाय्याने संगणक केंद्रे उभारण्यात आली. शेतकऱ्याने तेथे यावे, जगभरची माहिती मिळवावी, बाजारभाव पाहावेत, अशी मोठी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकरी तेथे येई तो मुख्यतः आपल्या उसाचे वजन किती भरले, तोडणीची पाळी केव्हा, बिल किती झाले, एवढेच पाहावयास. २००७ च्या सुमारास संशोधकांच्या हे ध्यानात आले आणि काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर हीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. शेतकऱ्याला जगाची माहिती नको होती, आपल्या मालाची हवी होती. यात त्याची दृष्टी संकुचित आहे असे कोणी म्हणेल. मला मात्र तो शहाणा वाटतो.

येथवर आपण बातमीचा विचार केला. इंटरनेटचे दुसरे कार्य अधिक खोल आहे. ते म्हणजे विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणे. त्याचा अनुभव आम्हाला आला २०२० साली. मार्च महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी झाली, लोकल गाड्या सामान्य प्रवाशांसाठी बंद झाल्या आणि त्या कित्येक महिने बंदच राहिल्या. देवळे बंद, लग्ने बंद, म्हणून फुलाला मागणी नाही. मी तेव्हा शाळेत होते. वाडीत चाफा झाडाखाली पडून पिवळा सडा होई आणि कोणी तो उचलीत नसे, हे दृश्य मी विसरलेले नाही. माझी आत्या तीस वर्षे विलेपार्ले स्टेशनाबाहेर बसून भाजी विकते. तिची तर गाडीच बंद झाली.

आत्याच्या धंद्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या लेखाचा मुख्य मुद्दा त्यात आहे. ती शाळेत चौथीपर्यंत गेली. पण अमुक बाईंना गुरुवारी अळू लागते, तमुक आजोबा केळी घेतील तर वेलचीच घेतील, या घरात सून माहेरी गेली म्हणून आठवडाभर भाजी अर्धी जाईल, हे सारे तिला तोंडपाठ आहे. कोणाला उधारी द्यावी आणि कोणाला हसून नाही म्हणावे, हेही ठाऊक आहे. आजकाल ज्याला डेटा म्हणतात आणि ज्यासाठी मोठमोठ्या कंपन्या कोट्यवधी रुपये खर्च करतात, तो आत्याच्या डोक्यात होता. टाळेबंदीत तिच्या मुलाने पार्ल्याच्या दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. त्यांनी आपापल्या इमारतींच्या व्हॉट्सॲप गटांत तिचे नाव घातले. मग गावातील चार घरांनी मिळून टेम्पो केला आणि आठवड्यातून दोनदा भाजीच्या पिशव्या थेट इमारतींच्या दाराशी जाऊ लागल्या. मागणी आधी कळे, तेवढीच भाजी काढली जाई. नासाडी नाही, हमाली नाही. आत्या म्हणते, तिच्या आयुष्यात हिशेब इतका सरळ कधी नव्हता.

येथे वाचकांच्या लक्षात येईल की गाठ इंटरनेटने घालून दिली असली तरी गिऱ्हाईक आत्याचेच होते. तीस वर्षांचा विश्वास तिचा होता. फोन हा केवळ रस्ता झाला.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. आमच्या शेजारच्या वहिनी सुगरण आहेत. त्यांनी रीतसर अन्न परवाना काढून घरगुती जेवण एका ॲपवर विकण्यास सुरुवात केली. कोणत्या कंपनीचे ते येथे महत्त्वाचे नाही. पहिले तीन महिने मागणी इतकी की घरातील सर्वजण कामाला लागले. ॲपचा वाटा रुपयात जवळजवळ चार आणे होता, पण धंदा मोठा म्हणून तो सोसला. पुढे एके दिवशी यादीत त्यांचे नाव खाली गेले. का गेले ते कोणी सांगितले नाही. विचारावे तर समोर माणूस नाही, ठरावीक उत्तरे येतात. वर येण्यासाठी जाहिरातीचे पैसे भरा, असे सुचविले जाई. मागणी आटली. वहिनींनी शेकडो माणसांना जेवू घातले होते, परंतु त्यांच्यापाशी त्यांतील एकाचाही फोन नंबर नव्हता. त्यांना ज्यांनी वाखाणले ती सर्व गिऱ्हाइके त्यांची नव्हतीच, ॲपची होती.

हा प्रश्न एका घराचा नाही. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने झोमॅटो व स्विगी या कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. संघटनेच्या तक्रारीत भरमसाट कमिशनाबरोबरच असाही मुद्दा होता की ग्राहकाची माहिती उपाहारगृहापासून झाकून ठेवली जाते. मोठ्या शहरांतील मोठ्या हॉटेलवाल्यांची आणि आमच्या वहिनींची अडचण एकच असावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

इंटरनेट आले की मध्यस्थ जाईल, उत्पादक आणि ग्राहक समोरासमोर येतील, असे सुरुवातीच्या काळात फार लिहिले व बोलले गेले. मध्यस्थ गेला नाही, तो बदलला. जुना दलाल मालावर बसलेला होता. नवा दलाल गिऱ्हाइकावर बसला आहे. जुन्या दलालाला शिव्या देण्यात आमच्या गावाने कधी कसूर केली नाही आणि त्या बहुतांशी योग्यच होत्या. पण त्याला दुकान होते, दुकानात जाऊन भांडता येत असे, आणि पटले नाही तर शेजारच्या गाळ्यावर माल टाकता येत असे. नवा दलाल ज्या नियमाने कोणाला वर आणि कोणाला खाली ठेवतो तो नियम त्याच्याखेरीज कोणालाही दिसत नाही. शिवाय या धंद्याचा एक स्वभाव असा आहे की जेथे गिऱ्हाईक अधिक तेथे विक्रेते अधिक जातात, आणि जेथे विक्रेते अधिक तेथे गिऱ्हाईक जाते. त्यामुळे शेवटी एक-दोन कंपन्याच उरतात. मग शेजारचा गाळाच राहत नाही.

याचा अर्थ ॲप लुटारू आहेत एवढाच घेतला तर तो अन्याय होईल. वहिनींच्या हातची चव नालासोपाऱ्याच्या पलीकडे पोहोचविणे त्यांना स्वतःला शक्य नव्हते. घर नेमके दाखविणे, पैसे वसूल करणे, अनोळखी माणसाला अनोळखी स्वयंपाकघरावर विश्वास ठेवावयास लावणे ही खरी कामे आहेत आणि खऱ्या कामाला मोबदला असलाच पाहिजे. भांडण मोबदल्याशी नाही. तो देऊन झाल्यावरही विक्रेता तेथेच, पहिल्या दिवशी होता तसा अनोळखी राहतो, याच्याशी आहे.

पैशाच्या देवघेवीत मात्र निराळी वाट निघाली आणि तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. यूपीआय ही पद्धत २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांची संख्या प्रथमच एक हजार कोटींच्या वर गेली. आत्याच्या पाटीवर आता स्कॅनरचा कागद चिकटवलेला असतो. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की यूपीआय हा एका कंपनीचा खाजगी रस्ता नाही. फोनपेवरून पाठविलेला रुपया गूगल पेवाल्याला मिळतो, आणि कोणत्याही बँकेचे खाते चालते. रस्ता सर्वांचा, गाड्या निरनिराळ्या. जेवण, भाजी आणि रिक्षा यांच्या बाजारात असा सामाईक रस्ता अद्याप रुळलेला नाही. तसा प्रयत्न झालेला आहे. बंगळूरमध्ये २०२२ च्या अखेरीस रिक्षाचालकांच्या संघटनेला बरोबर घेऊन 'नम्म यात्री' हे ॲप निघाले. त्यात भाड्यातून कमिशन कापले जात नाही आणि प्रवाशाने दिलेले पैसे सरळ चालकाला मिळतात.

यूपीआयचा दुसरा परिणाम कर्जाचा. जून २०२० मध्ये पदपथावरील विक्रेत्यांसाठी केंद्राची स्वनिधी योजना आली. तारणाशिवाय प्रथम दहा हजारांचे कर्ज आणि मोबाईलवरून पैसे घेणाऱ्यास थोडी सवलत. आत्याने जन्मात प्रथमच बँकेचे कर्ज घेतले आणि फेडलेही. रोजची विक्री बँकेच्या नोंदीत दिसू लागली की पाटीवालीलाही पत येते. अर्थात नोंद झाली म्हणजे ती इतरांनाही दिसते, आणि म्हणून काही विक्रेते अद्याप रोख बरी म्हणतात. त्यांना अडाणी म्हणणे मला पटत नाही.

सेवांचा विचार थोडक्यात करू. २०१८ च्या मे महिन्यापासून डिजिटल सहीचा सातबारा इंटरनेटवर मिळू लागला. ज्यांनी एका उताऱ्यासाठी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांनाच याचे महत्त्व कळेल. वसईसारख्या भागात, जेथे जमिनीला सोन्याचा भाव आहे, तेथे आपल्या उताऱ्यावर कोणाचे नाव चढले-उतरले हे घरबसल्या पाहता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

आणखी एका वर्गाकडे आपले लक्ष क्वचित जाते. आपल्या कॉलेजातील कित्येक मुले तास संपल्यावर पाठीला चौकोनी पिशवी अडकवून घरोघरी सामान पोहोचवतात. मोटारसायकल त्यांची, पेट्रोल त्यांचे, पावसात घसरले तर गुडघाही त्यांचाच. कागदोपत्री ते नोकर नसून भागीदार असतात. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी देशातील पहिला स्वतंत्र कायदा केला; त्यात त्यांची नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारावर थोडा आकार घेऊन कल्याणनिधी, अशी कल्पना आहे. आपल्या मित्राला भागीदार म्हटल्याने त्याला नफ्यात भाग मिळतो काय, हा साधा प्रश्न आपण वर्गात विचारावयास हवा.

आमच्यासारख्या ठिकाणी काय करता येईल याविषयी माझे मत असे आहे की, ॲपवर जाण्यास हरकत नाही, पण गिऱ्हाइकाची वही आपल्यापाशी असली पाहिजे. महाराष्ट्राने साखर कारखाने सहकारी तत्त्वावर उभे केले, कारण ऊस शेतकऱ्याचा असूनही चरक दुसऱ्याचा असेल तर रस कोणाला मिळतो हे त्या पिढीने ओळखले होते. आज चरक म्हणजे गिऱ्हाइकांची यादी होय. ती चार घरांची मिळून असली तरी चालेल, टेम्पोसारखी. आत्याच्या भाजीचा टेम्पो गाड्या सुरू झाल्यावर बंद पडला, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हिशेब ठेवावयास कोणी उरले नाही. मुले नोकरीला लागली, आणि फोनवर येणाऱ्या पन्नास मागण्या लिहून घेणे हे एका माणसाचे पूर्ण वेळचे काम आहे. ज्याला आपण ॲपचे कमिशन म्हणतो त्यात या कामाचाही पगार असतो.

सुकेळीचे मात्र जमले आहे. राजेळी केळी सोलून अनेक दिवस उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली सुकेळी हा आमच्या भागाचा जुना जिन्नस. कार्तिक वद्य एकादशीपासून भरणाऱ्या निर्मळच्या जत्रेत ती खपते. पूर्वी जत्रा उठली की गिऱ्हाईक पुढल्या कार्तिकापर्यंत दिसत नसे. चाफ्याचा आणि सुकेळीचा फरक असा की सुकेळी टिकते, तिला थांबता येते, आणि थांबता येणाऱ्या मालाला भाव मागता येतो. आमच्या आळीतील एका मावशींनी गेल्या जत्रेत प्रत्येक पुड्यात पानाच्या आत एक चिठ्ठी घातली. तीवर त्यांचे नाव, मुलाने टाईप करून दिलेला फोन नंबर आणि 'पुन्हा लागल्यास कळवावे' एवढेच होते. मार्गशीर्षात गोरेगाव, ठाणे आणि एक पुण्याचा असे फोन आले. नंबर त्यांनी वहीत उतरवून ठेवले आहेत. फोन बिघडला तर काय घ्या, असे त्या म्हणतात.